शाफ्टमध्ये म्हटलेलं स्तुतिगीत

मी लिफ्टवाला. लिफ्ट चालवणारा नव्हे, लिफ्ट बंद पडली की ज्याला फोन जातो तो. माझी अर्धी हयात कतारमधल्या दोह्यात या कामात गेली. सुट्टीवर वसईला गेलो की भुईगावातले लोक मला मोठा धाडसी समजतात. एवढाले टॉवर, एवढी उंची, आणि आपला इनास दोरांवर लटकून काम करतो, असं त्यांना वाटतं. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. खरं सांगायचं तर मी भित्रा माणूस आहे. शाफ्टचं दार उघडून लिफ्टच्या डोक्यावर पाय ठेवताना आजही मी आधी चौकट घट्ट धरतो.

आधी थोडं धंद्याचं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली करते, तिला आम्ही शाफ्ट म्हणतो. जुन्या इमारतींत गच्चीवर एक खोली असते, तिथे मोटर. मोटरच्या चाकावरून पोलादी दोर खाली उतरतात. त्यांच्या एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन. दोर तुटून लिफ्ट कोसळेल ही लोकांची भीती खोटी आहे. दोर बरेच असतात, आणि लिफ्टने भलता वेग घेतला तर तिच्या तळाचा ब्रेक जबड्यासारखा शाफ्टमधल्या रुळांना चावतो. अडकलेल्या लिफ्टमध्ये तुम्ही गप बसून राहिलात तर घरच्या सोफ्यावर असल्याइतके सुखरूप असता. माणसं मरतात ती दारात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेली असते, कुणीतरी बाहेरून दार फाकवतं, आतला माणूस घाईने उतरायला जातो. त्याचा पाय मजल्यावर पडला तर ठीक. पण लिफ्टच्या तळाखाली उघडा शाफ्ट असतो, आणि घसरणारं अंग त्या फटीतून थेट आत जातं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. इथे आल्यावर सुरुवातीच्या काळातच एका बांधकामावर मला बोलावलं होतं. एका नेपाळी रंगाऱ्याने कुणाकडून तरी चावी घेऊन मजल्यावरचं दार उघडलं होतं. लिफ्ट मागे आहे असं समजून तो डबा हातात घेऊन मागे मागे सरकत आत गेला. मागे लिफ्ट नव्हती. मी पोहोचलो तेव्हा शाफ्टच्या तळच्या खड्ड्यात पांढरा रंग सांडलेला होता आणि त्यात तो पडलेला होता. त्याचं नाव मला नंतर कळलं, ते इथे लिहिवत नाही.

त्या आठवड्यात मी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला गेलो. इथे आमची चर्चेस शहराच्या कडेला एका मोठ्या आवारात आहेत. बाहेरून क्रूस दिसत नाही, घंटा वाजत नाही. गेटवर बॅग मशीनमधून जाते. आत मात्र शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, जत्रा भरते. फिलिपिनो, केरळी, गोवेकर, लेबनीज, आणि आमचे मूठभर वसईकर. आवाराच्या आत पोटभर गा, पण बाहेर पडलं की श्रद्धा ज्याची त्याने आपल्यापाशी ठेवायची. मला इथे कुणी कधी त्रास दिला नाही. तरी हा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे तो पाळतात.

त्या शुक्रवारी गायनमंडळाने देवाच्या गौरवाचं गीत सुरू केलं आणि माझं तोंड उघडेना. कोणत्या तोंडाने थोर म्हणायचं? कसला महिमा गायचा? डोळ्यांपुढे तो पांढरा रंग होता. मी हात जोडले आणि एवढंच म्हटलं, मला सांभाळ. तेव्हापासून माझी प्रार्थना तेवढीच राहिली. सकाळी व्हॅनमध्ये बसताना मला सांभाळ. शाफ्टमध्ये शिरताना अंधारात क्रूसाची खूण करून पुन्हा तेच. मिस्सेत सगळे गायचे, मी ओठ हलवायचो आणि मनात मागत राहायचो.

माझ्या बायकोच्या, फिलूच्या हे लक्षात आलं. ती इस्पितळात नर्स आहे आणि आमच्या छोट्या मराठी गायनमंडळाची प्रमुखही. एकदा गाडीत तिने मला विचारलं की तुम्ही देवाशी कधी काही न मागता बोलता का. मी म्हटलं, भीती वाटणाऱ्या माणसाने मागू नये तर काय करावं. ती म्हणाली, "मागा की. पण लोक तुम्हाला फोन करतात, लिफ्ट बंद आहे, लवकर या. लिफ्ट चालू असताना कधी कुणाचा फोन येतो का? देवाची तुम्ही तीच गत केलीय." मागच्या सीटवर आमची लेक बसली होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तिने तिच्या इंग्रजीत आईला गुण दिले. मला राग आला, कारण बोलणं खरं होतं. पण खरं कळलं म्हणून भीती जात नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग अल मुंतझा वस्तीतला तो शुक्रवार आला.

उन्हाळ्याचे दिवस होते. सकाळी मिस्सा झाली होती. दुपारी माझी इमर्जन्सी ड्युटी होती. अल मुंतझात जुन्या, बुटक्या इमारती अजून आहेत, खाली किराणा आणि शिंपी, वर भाड्याचे फ्लॅट. त्यातल्या एका इमारतीतून फोन आला की लिफ्टमध्ये म्हातारी बाई अडकली आहे. नियमाप्रमाणे आम्ही दोघांनी जायचं असतं. माझा जोडीदार शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कामात गुंतला होता, म्हणाला यल्ला, चल, तू पुढे हो, मी येतो.

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी म्हातारीचा मुलगा उभा होता. इरफान त्याचं नाव, एका ऑफिसात अकाउंटंट. शर्ट घामाने भिजलेला, हातात लोखंडी सळई. मी यायच्या आधीच त्याने मजल्याचं दार फाकवलं होतं. आम्ही हिंदीत बोलत होतो, पण आतून आवाज आला, "इरफान, मना श्वास नाय घेवत रे." ऐकून मी चमकलो. मराठी, आणि तीही कोकणातली.

मी दार ओढून वर बघितलं. लिफ्टचा तळ माझ्या छातीच्या उंचीवर होता. तळाखाली काळीकुट्ट पोकळी. आतलं दारही अर्धं सरकलेलं, आणि त्या फटीत हिरव्या ओढणीतला एक घाबरलेला चेहरा. मी म्हटलं, मावशी, मी वसईचा, माझं नाव इनास, तुम्ही कुठल्या? ती म्हणाली दाभोळची, मुलाकडे व्हिजिटवर आलेय. नाव हमीदा. साखरेचा आजार, सकाळची गोळी घेतलेली, पोटात काही नाही. आत पंखा बंद होता आणि त्या डब्यातली गरम हवा माझ्या तोंडावर येत होती.

मला करायचं होतं ते सोपं होतं. गच्चीवर जायचं, वीज तोडायची, एका हाताने ब्रेकचा दांडा दाबायचा, दुसऱ्या हाताने चाक फिरवत लिफ्ट चौथ्या मजल्याला न्यायची. आत एकच माणूस असलं की दुसऱ्या बाजूचं वजन भारी पडतं, त्यामुळे वर न्यायला जोर लागत नाही. पण त्याला एक अट असते. चाक फिरताना आतल्या माणसाचा हात, पाय, काहीही दाराबाहेर नको. लिफ्ट वर सरकते आणि चौकट जागची हलत नाही. मध्ये जे सापडेल ते कापलं जातं.

म्हणून मजल्याचं दार बंद करून जायला हवं होतं. पण सळईने त्याची कडी वाकली होती, ते बंदच होईना. मी इरफानला बजावलं की दार ओढून धरून उभा राहा, काही झालं तरी उघडू नकोस, तिला उतरवायचा प्रयत्न करू नकोस. त्याने मान हलवली आणि मी त्याचा नंबर घेतला. मी हमीदामावशीला म्हटलं, मागच्या भिंतीला टेकून खाली बसा, आणि तुमचं जे पाठ असेल ते मोठ्याने म्हणत राहा. वर मोटरच्या खोलीत दोरांसाठी जमिनीला भोकं असतात, त्यातून शाफ्टमधला आवाज वर येतो. तुमचा आवाज येत राहिला की मला कळेल तुम्ही जाग्यावर आहात. ती हो म्हणाली आणि तिने अल्लाचं नाव घ्यायला सुरुवात केली.

मी जिने चढून गच्चीवर गेलो. मोटरच्या खोलीत भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. वीज तोडली. भोकांतून मावशीचा आवाज येत होता, बारीक पण सलग. मी दांडा धरला, चाकाला हात लावला, आणि आवाज थांबला.

मी वाट पाहिली. दम घेत असेल. मग हाक मारली, "मावशी!" उत्तर नाही. इरफानला फोन लावला. वाजत राहिला, त्याने उचलला नाही. आता माझ्यापुढे काय काय होतं ते सांगतो. ती चक्कर येऊन पडली असेल तर तिला लवकर बाहेर काढायला हवं, म्हणजे चाक फिरवायला हवं. पण ती दारात आली असेल, एक पाय बाहेर टाकला असेल, आणि मी चाक फिरवलं, तर तिला मारणारा मीच. खाली धावत जावं तर तेवढ्यात ती उतरायला जाईल आणि त्या फटीतून घसरेल. दांडा चुकून दाबला जाईल म्हणून मी त्यावरचा हात काढून घेतला. पांढरा रंग दिसायला लागला. इतक्या वर्षांत पुसट झालेला, तो एकदम समोर.

मी प्रार्थना करायला गेलो. रोज इतक्या वेळा म्हटलेले ते दोन शब्द. ते येईनात. मेंदूत नुसता फळा पुसल्यासारखं झालं. आणि मग माझ्या तोंडातून सकाळचं स्तुतिगीत बाहेर पडलं.

ते आमच्या गावचं जुनं गीत आहे. माझी आई मळ्यात फुलं खुडताना म्हणायची. त्यात काहीच मागणं नाही. समुद्र तुझा, वारा तुझा, आम्ही तुझे. एवढंच फिरून फिरून येतं. फिलूने त्या सकाळी मिस्सेत ते घेतलं होतं आणि मी नेहमीसारखे ओठ हलवले होते. आता मी दोरांच्या भोकावर वाकून ते मोठ्याने गात होतो. शाफ्ट म्हणजे मोठा भोंगा. माझाच आवाज खाली जाऊन आदळून परत येत होता, आणि तो सगळ्या मजल्यांवर जात असणार हे मला कळत होतं. चर्चच्या आवाराबाहेर मी आयुष्यात कधी असा गायलो नव्हतो. मला मावशीच्या जिवाची भीती, ती पडण्याची भीती, आणि कोण काय म्हणेल याचीही भीती, सगळ्या एकदम होत्या. तरी गाणं थांबवायची हिंमत होईना. थांबलो तर खाली काय ऐकू येईल, किंवा येणार नाही, हे मला नको होतं.

तिसऱ्यांदा सुरुवातीला आलो तेव्हा खालून आवाज आला, "बसलंय रे, बसलंय."

मग पुन्हा फोन लावला. या वेळी इरफानने उचलला. रडत होता. दार बंद आहे म्हणाला. मावशीचं अल्लाचं नाव घेणं पुन्हा सुरू झालं. मी दांडा दाबला, चाक फिरवलं, दोरावरची चौथ्या मजल्याची रंगाची खूण जुळली तेव्हा थांबलो. चौथ्या मजल्यावर जाऊन दार उघडलं तर ती मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिला साखरेचं पाणी दिलं. ती माझा हात सोडेना.

रविवारी, इथला कामाचा आठवडा सुरू होताच, ऑफिसातून बोलावणं आलं. आमचे मॅनेजर जॉर्डनचे, मोजकं बोलणारे. त्यांनी समोर बसवलं आणि मोबाइल पुढे केला. पाचव्या मजल्यावरच्या कुणीतरी जिन्यात उभं राहून व्हिडिओ घेतला होता. चित्रात नुसतं लिफ्टचं बंद दार, आणि त्यातून माझा आवाज. तो व्हिडिओ इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून फिरत फिरत तिथे पोहोचला होता. माझ्या डोळ्यांपुढे व्हिसा, भाड्याचा फ्लॅट, लेकीची शाळा, सगळं एका रांगेत उभं राहिलं.

त्यांनी विचारलं, हे कोणत्या भाषेत आहे, अर्थ काय. मी सांगितला. त्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. मग म्हणाले की बाईच्या मुलाने मोठं आभाराचं पत्र पाठवलंय, कंपनीच्या मासिकात फोटो छापायचा आहे. अशा वेळी इतका शांत कसा राहिलास ते दोन ओळींत लिहून दे.

इथे मला खरी भीती वाटली. शांत राहिलो म्हणून लिहून देणं सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं. पण त्या खोलीत माझं काय झालं होतं हे मला माहीत होतं. मला स्वतःचं एक वाक्यही सुचलं नव्हतं. जे तोंडून निघालं ते माझ्यासाठी नव्हतं, ज्याच्यासाठी होतं त्याच्या वाटचं मी मासिकात आपल्या फोटोखाली कसं छापू? मी म्हटलं, सर, मी शांत नव्हतो. घाबरलो होतो. मी देवाची स्तुती करत होतो, श्रेय द्यायचं तर तिकडे द्या. बोलताना माझा आवाज इतका खाली गेला की त्यांनी पुढे वाकून ऐकलं.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. जोडीदार नसताना मोटरच्या खोलीत एकट्याने काम केल्याबद्दल लेखी समज. "श्रेय देवाला," ते म्हणाले, "वॉर्निंग तुला. खलास." मी सही केली आणि बाहेर आलो. जिन्यात हसू आलं, आणि तिथेच पायरीवर बसलो.

हमीदामावशी दाभोळला परत जायच्या आधी इरफानने आम्हाला चहाला बोलावलं. लिफ्ट दुरुस्त होती, तरी मी आणि फिलू जिन्यानेच गेलो. मावशीने खास नारळाची खीर केली होती. बोलता बोलता त्या दिवसाचा विषय निघाला, आणि मी विचारलं की मध्येच आवाज का थांबवलात.

इरफानने मान खाली घातली. मावशीने सांगितलं. तिला घेरी यायला लागली होती. तिने मुलाला हाक मारली, त्याला राहवलं नाही, त्याने दार उघडलं आणि दोन्ही हात वर केले. ये अम्मी, मी धरतो. ती सरकत सरकत कडेपर्यंत आली आणि पाय बाहेर सोडून बसली. आता खाली उतरणार तेवढ्यात डोक्यावरून गाणं यायला लागलं.

"मना वाटलं," ती म्हणाली, "वर जो हाय तो मना वाचव म्हणत नाय, लवकर कर म्हणत नाय. समुद्र, वारा म्हणतोय. म्हणजे त्याला काय भीती नाय. मग मी कशाला उडी मारू? पाय आत घेतले नि मागं जाऊन बसले."

मी खिरीची वाटी खाली ठेवली. ती पाय सोडून बसली होती तेव्हा माझा हात त्या चाकावर होता. मी तिला सांगितलं, मावशी, तुमची समजूत चुकीची होती. मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. माझ्यात गायचं बळ नव्हतं, मला माझे शब्दसुद्धा आठवत नव्हते.

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"मग गात कोण होता?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. शाफ्टमधल्या भीतीची मला सवय आहे, ही भीती तसली नव्हती. खूप मोठं कुणीतरी अगदी जवळ उभं असावं आणि आपल्याला वळून बघायचं धाडस होऊ नये, तसं काहीतरी.

अखेर फिलू बोलली. "हेच गात होते, मावशी. मी व्हिडिओ ऐकलाय. दुसऱ्या ओळीला सूर साफ गेलाय यांचा."

सगळे हसले. इरफानही हसला. मी हसायचा प्रयत्न केला, पण मला जमलं नाही.